वेणीची नोंद

दिवाळी उलटली की जाफराबादच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. वरपर्यंत भरलेले टेम्पो जिनिंगकडे, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, जाताना फांद्यांना घासतात आणि काट्यांत अडकलेले पुंजके फाल्गुनापर्यंत तिथेच लोंबत राहतात. धुळीने ते आधी पिवळट होतात, मग मातकट. गाडीत कुणी नवखा पाहुणा असला तर तो काच खाली करून छायाचित्र घेतो. मी त्या वेळी समोरच्या रस्त्याकडे पाहतो. वेचणीचा हंगाम पुन्हा आला एवढे मला त्या पुंजक्यांवरून कळते. गेले सात हंगाम हे असेच चालले आहे.

मी एका संस्थेत समन्वयक आहे. जे कापड दूरदेशी विकले जाते, त्याचा कापूस कमी विषावर, कमी पाण्यावर आणि कुणावरही अन्याय न होता पिकलेला असावा, असा आमचा कार्यक्रम आहे. त्यासाठी कपडे विकणारी कंपनी, दक्षिणेकडची सूतगिरणी, इथले जिनिंग, शेतकऱ्यांचे गट आणि आमची संस्था असे पाच पक्ष दर तीन महिन्यांनी एका टेबलाभोवती बसतात. शेतापासून दुकानापर्यंतची साखळी सगळ्यांनी मिळून सांभाळायची आणि निर्णय सहमतीने घ्यायचे, अशी पद्धत आहे. ती सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. फवारणीनंतर बांधावर बसून उलट्या करणारी माणसे कमी झाली. विषाचे रिकामे डबे धुऊन त्यांत पिण्याचे पाणी भरण्याची सवय मोडली. माझ्या डोळ्यांदेखत एका गावातल्या विहिरीचे पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले. हे सगळे टिकावे असे मला मनापासून वाटत होते, आणि पुढे मी जे केले ते या वाटण्याच्या आधारानेच केले.

मी हळू बोलतो. लोक याला सौजन्य समजतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या कानी घालताना त्याची धार थोडी घासून टाकायची, ही माझी कामाची रीत. जिनिंगच्या शेठजींचा वैताग मी ‘सूचना’ म्हणून सांगतो, शेतकऱ्याची शिवी ‘नाराजी’ म्हणून. या रीतीमुळे अनेक बैठका मोडता मोडता वाचल्या आहेत आणि त्याबद्दल माझे कौतुकही झाले आहे.

वेचणी पाहायची तर सकाळी नऊच्या सुमारास पाहावी. दव सुकल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, म्हणून बाया बांधावर उन्हाकडे तोंड करून बसलेल्या असतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, कमरेला धुवट चादरीची ओटी, डोक्याला घट्ट फडके. ऊन चढले की प्रत्येकीची एकेक पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, ठरते आणि एकदम शांतता पसरते. त्या शांततेत वाळल्या पानांची कुरकुर तेवढी ऐकू येते. फुटलेल्या बोंडाच्या टोकांनी नखांशेजारची कातडी सोलली जाते. बोटांची टोके जानेवारीपर्यंत काळी आणि चरचरीत होतात. तरी हात थांबत नाहीत. दोन्ही हात दोन झाडांवर आणि नजर तिसऱ्यावर.

द्वारकाबाईंना मी पहिल्यांदा असेच पाहिले. अकरा जणींच्या टोळीच्या त्या म्होरक्या. वय चाळिशीचे, आवाज बसका, आणि पाठीवर गुडघ्यांपर्यंत पोहोचणारी काळीभोर वेणी. एरवी ती वेणी फडक्याखाली गुंडाळलेली असे. पण कंपनीच्या छायाचित्रकाराने पहिल्या वर्षी त्यांना ती मोकळी सोडायला लावली, पांढऱ्या रानात उभे केले आणि ते चित्र वार्षिक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गेले. त्याचीच मोठी प्रत मालक पारसशेठांनी जिनिंगच्या बैठकखोलीत लावली. पारसशेठांचे घराणे राजस्थानातून येऊन इथे चार पिढ्या झालेले, माणूस अगत्याचा. द्वारकाबाई एकदा सरकी न्यायला जिनिंगवर आल्या, त्यांनी खिडकीतून स्वतःला पाहिले आणि मला म्हणाल्या, “सर, मला भिंतीवर टांगलं, अन् मी बाहेर उभी.” आम्ही दोघेही हसलो होतो.

सात वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात सूतगिरणीला कापसाच्या एका दाबलेल्या गाठीत लांब केस सापडला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण एक केस सुतात गेला की कापडात जातो आणि रंग चढवल्यावर त्याची बारीक रेघ उठते. ते कापड मग परत येते. म्हणून कापसात प्लास्टिकची सुतळी, रंगीत धागा, पीस किंवा केस जाता कामा नये, हा आमचा कडक नियम होता. बैठक भरली. सूतगिरणीच्या गृहस्थांनी पारदर्शक पाकीट टेबलावर ठेवले. केस हातभर लांब होता आणि मेंदीने तांबूस झालेला होता.

मी तो ओळखला. केस ओळखता येत नाही हे मला कळते, तरीही. त्याच्या आठवडाभर आधी भर दुपारी मी जिनिंगच्या आवारात शिरलो होतो. कापसाच्या ढिगाऱ्यावर काडीकचरा निवडणाऱ्या बायांची जेवणाची सुट्टी होती. एक बाई नुकतीच नळावर डोके धुऊन ढिगाऱ्यावरच बसली होती. तांबूस केस उन्हात पसरून, डोळे मिटून, ती फणी फिरवत होती. यंत्रे बंद होती. सरकीचा तेलकट, उबदार वास दाटला होता. तिला दचकवू नये म्हणून मी पाय न वाजवता बाजूने गेलो. ते दृश्य मला सुंदर वाटले होते.

पारसशेठ म्हणाले, आपल्या जिनात बायांच्या डोक्याला फडके आहेच, बिलकुल आहे, कधीही येऊन तपासा. मी काही बोललो नाही. जिनिंगवर ठपका आला तर कंपनी हे जिनिंग सोडेल, आणि जिनिंग सुटले तर कार्यक्रम जिल्ह्यातूनच जाईल, त्याबरोबर ती विहीरही आणि माझी नोकरीही, असा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप मांडला गेला. सूतगिरणीचे गृहस्थ म्हणाले, ही गाठ तीन गावांच्या कापसाची आहे. शेतकरी गटांचे अध्यक्ष भानुदासराव खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “येवढा लांब केस म्हंजी...” आणि त्यांनी भिंतीकडे पाहिले.

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिले. वेणी चित्रात काळी होती आणि केस पाकिटात तांबडा. टेबलावरच्या कुणालाही तो फरक दिसू शकला असता. पण पाचही पक्षांना साखळीची अशी एक कडी हवी होती जिला त्या खोलीत खुर्ची नव्हती, आणि ती आयतीच समोर चौकटीत टांगलेली होती. कुणी नाव घेतले नाही. कंपनीतर्फे आलेल्या बाईंनी मला विचारले, तुम्ही गावे जवळून ओळखता, तुमचा अंदाज काय? मी होकारार्थी मान हलवली. त्यासाठी हळू बोलण्याचीसुद्धा गरज पडली नाही.

द्वारकाबाईंच्या टोळीला हंगामभर गटाच्या कुठल्याही शेतावर घेऊ नये, असे ठरत आले. तेव्हा भानुदासराव म्हणाले, “तिला म्हनावं, आधी कापून ये, मंग ये रानात.” सगळे हसले. मराठी न कळणाऱ्या कंपनीच्या बाईंनी, हसायला काय झाले, असे विचारले. दुभाष्या मीच होतो. गटाचे अध्यक्ष सुचवत आहेत, मी म्हणालो, की वैयक्तिक स्वच्छतेत सुधारणा केल्यास या महिलांना पुन्हा संधी द्यावी. बाईंना ते फार आवडले. शिक्षेपेक्षा सुधारणेची वाट दाखवणे माणुसकीचे आहे, असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहून घेतले. इतिवृत्तात वाक्य आले, आणि वाक्य आले म्हणून ते अमलात आणणे आले.

दोन दिवसांनी भानुदासरावांचा फोन आला. माणूस दुष्ट नव्हता, गोंधळला होता. “सर, ते सुधारना म्हंजी नेमकं काय धरायचं?”

मी म्हणालो, “ते तुम्ही गावपातळीवरच ठरवा.”

निर्णय खालच्या पातळीवर व्हावेत, हे आमच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या पानावर होते. मी तेच सांगितले होते.

द्वारकाबाई जाफराबादच्या आमच्या कार्यालयात आल्या त्या वाटेत जीप बदलत, दुपारच्या वेळी. पाणी घेतले नाही. गटाच्या शेतांवर बाहेरगावची टोळी आणायचे चालले आहे, असे त्या म्हणाल्या. बोंडांची पहिली फूट ऐन भरात होती. आठ दिवस गेले की पुढे या अकरा जणींना हंगाम उरणार नव्हता. त्यांतल्या तिघींच्या घरात वेचणीशिवाय वर्षभर दुसरे काही येत नव्हते. त्या तिघी कोण, हे त्यांनी नावे घेऊन सांगितले. मग म्हणाल्या, “सर, तो केस दाखवा की मला.”

बैठकीनंतर माझ्याकडे सोपवलेले पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होते. मी म्हणालो, तपासणीला पाठवला आहे.

“कसा हाय?”

“लांब आहे.”

“काळा हाय का?”

मी म्हणालो, ते मला सांगता येणार नाही.  पुढच्या जीपची वेळ झाली तशा त्या उठल्या.

चौथ्या दिवशी पुन्हा आल्या. डोक्याचे फडके कपाळापर्यंत ओढलेले होते, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या बुटक्या वाटल्या. त्यांनी पिशवीतून वेणी काढली आणि माझ्या टेबलावर आडवी ठेवली. टेबलाची रुंदी तिला पुरली नाही. दोन्ही टोके बांधलेली होती.

“दोरा सुती बांधलाय,” त्या म्हणाल्या. “प्लास्टिकचा न्हाई. बघून घ्या.”

मी उभा राहिलो.  त्यांनीच खुणेने कपाटावरची वही दाखवली. विषाचे रिकामे डबे, प्लास्टिकच्या गोण्या, सुतळ्या असे जे जे गावातून जमा होई ते आम्ही त्या वहीत लिहीत असू आणि आणणाऱ्याला सही देत असू. “डबे जमा करून सही देता नं? हे बी लिहून घ्या. अन् भानुदासरावला फोन करा जल्दी. उद्या दव सुकायच्या आत बाया बांधावर पाह्यजेत.”

मी ती वही बाजूला सारू शकलो असतो. खण उघडू शकलो असतो. त्या टेबलाला खण होता, खणात पाकीट होते आणि किल्ली माझ्या खिशात होती. एवढ्या जवळ आलेली संधी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते? मी वही उघडली. गाव लिहिले. ‘वस्तू’ या रकान्यात ‘केस’ लिहिले आणि ‘नग’ या रकान्यात ‘एक’. अक्षर चांगले आले. द्वारकाबाई आमच्याच प्रौढवर्गात वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी वही फिरवून घेतली, अक्षरावर बोट ठेवत ओळ वाचली, “बराबर” म्हणाल्या आणि खाली आपले नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी अकरा जणी रानात होत्या.

नवरा जिवंत असताना बाईने डोके उतरवले, याचा गावाने काय अर्थ लावला, तो भानुदासरावांनीच मला चहा पिता पिता सांगितला. ओट्यावरचा एक म्हातारा रोज तिला विचारी, कोण गेलं गं? संक्रांतीला वाण द्यायला निघालेल्या बायांनी तिच्या दाराशी पाऊल आखडते घेतले. तिचा नवरा त्या थंडीत दोन महिने भावाकडे जेवला. भानुदासराव हे सांगताना हसत होते, पण हसणे अर्धेच होते, आणि मध्येच थांबून त्यांनी विचारले की त्या केसाचा तपासणीचा निकाल काय आला. मी म्हणालो, अजून नाही.

त्या वर्षीच्या पुस्तिकेतही द्वारकाबाई होत्या. या वेळी पांढऱ्या फडक्यात, खाली पाहून वेचताना. ‘सहकार्यातून स्वच्छ कापूस’ ही त्याखालची ओळ माझी आहे. वेणी कार्यालयाच्या कपाटात पावत्यांशेजारी दोन वर्षे होती. पुढे कार्यालय नव्या जागेत हलले. त्या गडबडीत ती कुठे गेली ते मला माहीत नाही; मी कुणाला विचारलेही नाही.

पश्चात्ताप हा शब्द मी जपून वापरतो. मी सात वर्षे रात्री नीट झोपलो आहे, मुलीचे लग्न केले आहे, जेवणाची चव गेलेली नाही. फक्त एवढेच झाले की न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि मानेवर कात्री वाजली की मी डोळे मिटून घेतो. याला कुणी प्रायश्चित्त म्हणणार नाही.

पुढच्या मंगळवारी कार्यक्रमाचा आजवरचा आढावा घेणारी मोठी बैठक आहे. तिथे उभे राहून ती हकिगत आहे तशी सांगायची, नाव न लपवता आणि धार न घासता, असे मी या दिवाळीत ठरवले. निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. आता गमावण्यासारखे फारसे नाही, हेही मला कबूल केले पाहिजे. आधी द्वारकाबाईंना सांगावे म्हणून परवा त्यांच्या रानात गेलो.

दव नुकतेच सुकले होते. मला पाहून अलीकडच्या पातीतली एक जण म्हणाली, “सर, येचायला आले का फोटू काढायला?” बाकीच्या खुदकन हसल्या. द्वारकाबाई हसल्या नाहीत. फडक्याच्या कडेतून त्यांचे केस दिसत होते; पुन्हा वाढलेले आणि आता पुष्कळसे पांढरे. मी त्यांच्या ओळीत शिरून समोर उभा राहिलो आणि सगळे सांगितले. पाकीट, रंग, खण, किल्ली, बैठकीतली मान. सांगायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांनी सात-आठ झाडे वेचली. त्या पुढे येत, मी मागे सरे.

“म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“तवापासून. लांब हाय ते तुमी पटकन बोलले, अन् काळा हाय म्हनायला थांबले. मंग कळलंच की.” ओटीतला कापूस त्यांनी मुठीने खाली दाबला. “जिनात मी गेल्ते ना टेम्पोसंगं. तिथल्या बाया कापसावरच जेवत्यात, कापसावरच आंग टाकत्यात. त्यांना दुसरी जागा हाय कुठं?”

“मग तेव्हा का नाही बोललात?”

“कुनापुढं बोलू? त्या टेबलावर आमच्याकडून तर तुमीच बसले होते.”

हे त्यांनी रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. त्या बोंडातून कापूस ओढत होत्या आणि अडकलेली पानाची काडी नखाने काढून टाकत होत्या.

मी म्हणालो, मंगळवारी मी हे बैठकीत सांगणार आहे. खरे काय ते नोंदले जाईल.

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. “मंग जिनातल्या बायांचं काय करनार?”

  सात वर्षे मी हा कबुलीजबाब मनात घोटला होता, त्यातले शब्द बदलून पाहिले होते, कुठे थांबायचे तेही ठरवले होते. आणि त्यात ती ढिगाऱ्यावर केस वाळवणारी बाई एकदाही आली नव्हती. ती अजून तिथेच कामाला आहे. तिच्यासारख्या आणखी वीसेक जणी आहेत. त्यांनाही त्या खोलीत खुर्ची नाही.

“तुमच्या बैठकीत खरं निघू द्या का खोटं,” द्वारकाबाई म्हणाल्या, “काम कुन्या तरी बाईचंच जातंय. तुमचं मन हलकं व्हायला त्यांचे डोस्के कशाला उतरवता? गप ऱ्हावा, सर. तुम्हाला जमतं ते.”

मी विचारले, मग मी काय करू?

“बाजूला व्हा. पात आडवून राह्यलात.”

मी शेजारच्या ओळीत सरकलो. तिथेही मागून एक बाई वेचत येत होती. ती नुसती थांबली. मग मी तिच्या पलीकडच्या ओळीत गेलो, आणि तिथून पुढच्या. वाळलेल्या बोंडांची टोके पँटला ओरखडत होती. एकेक ओळ ओलांडत बांधावर पोहोचलो आणि वळून पाहिले, तेव्हा अकराही जणी आपापल्या पातीने बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या.